मुंबई उपनगरातील उद्यानविद्येचे व्यवसाय शिक्षण

उद्यानविद्येचे व्यवसाय शिक्षण म्हणजे फळे, भाज्या, फुले व शोभेच्या वनस्पती यांची लागवड, रोपवाटिका चालवणे आणि उद्यानांची आखणी व देखभाल ही कामे प्रत्यक्ष करता यावीत यासाठी दिले जाणारे, पदवीपेक्षा कमी कालावधीचे शिक्षण होय. महाराष्ट्रात ते कृषी विद्यापीठे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रम, मुक्त विद्यापीठ आणि अल्पमुदतीच्या कौशल्य योजना अशा निरनिराळ्या मार्गांनी मिळते. मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती फारशी उरलेली नसली, तरी या शिक्षणाची गरज संपलेली नाही. गृहनिर्माण संस्थांच्या बागा, महापालिकेची उद्याने, रस्त्याकडेची झाडे आणि गच्चीवरील लागवड हे आता तिचे क्षेत्र आहे. अभ्यासक्रम मात्र प्रामुख्याने फळबागायतदार डोळ्यांसमोर ठेवून घडले आहेत.

पार्श्वभूमी

मुंबईतील संघटित उद्यानविद्येचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग आधी शिवडी येथे होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्यावर भायखळ्याजवळ नवी बाग उभारण्यात आली आणि १८६२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. हीच पुढे राणीची बाग व आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. १८७३ मध्ये बागेची देखभाल नगरपालिकेकडे आली. माळ्यांची विद्या अशा बागांमध्ये हाताखाली काम करूनच पुढच्या पिढीकडे जात असे. उपनगरांत आजही बऱ्याच अंशी तशीच जाते.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यातील उद्यानविद्येचे शिक्षण कृषी विद्यापीठांभोवती वाढले. कोकणासाठी १९७२ मध्ये दापोली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मुंबई याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, पण अंधेरी वा मुलुंडच्या विद्यार्थ्याला दापोली दोनशेहून अधिक किलोमीटर दूर पडते. १९९० च्या सुमारास राज्य शासनाने फळबाग लागवडीला रोजगार हमी योजनेची जोड दिली आणि कलमे-रोपे व ती लावणारे कुशल हात यांची मागणी वाढली. ही मागणी ग्रामीण भागातील होती आणि अभ्यासक्रमांवर तिचाच ठसा उमटला.

उपलब्ध अभ्यासक्रम

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षण १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालते. या योजनेत उद्यानविद्या, तसेच पुष्पोत्पादन व भूदृश्यरचना असे एक वर्षाचे स्वतंत्र व्यवसाय आहेत. दहावी उत्तीर्ण विद्यार्थी त्यांना प्रवेश घेऊ शकतो आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेनंतर त्याला राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. प्रत्येक संस्थेत प्रत्येक व्यवसाय शिकवला जात नाही. मुलुंड, बोरिवली यांसारख्या उपनगरी संस्थांची ओळख जोडारी, वीजतंत्री अशा कारखानी व्यवसायांसाठी आहे. त्यामुळे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत संस्थेपेक्षा व्यवसायाचे नाव आधी पाहणे सोयीचे ठरते.

उच्च माध्यमिक व्यवसाय शिक्षणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८ मध्ये आली. राज्यात तिला 'किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम' असे नाव मिळाले आणि त्याच्या कृषी गटात उद्यानविद्येचा समावेश झाला. कृषी विद्यापीठे माळी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र वर्गही चालवतात. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) फळबाग, भाजीपाला व फुलशेती या विषयांवरील अभ्यासक्रम मराठीतून आहेत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या उपनगरी विद्यार्थ्याला ते विशेष जवळचे वाटतात. मुंबई विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी 'उद्यानविद्या व बागकाम' हा उपयोजित विषय आहे, परंतु तो व्यवसायाचे स्वतंत्र प्रमाणपत्र नव्हे.

प्रात्यक्षिकाचे स्वरूप

या शिक्षणाचा कणा म्हणजे अभिवृद्धी, म्हणजेच एका झाडापासून दुसरे झाड तयार करण्याच्या पद्धती. कोकणात कोय कलम महत्त्वाचे मानले जाते. आंब्याची कोय रुजून आलेले, पाने अजून तांबूस असलेले कोवळे रोप घेऊन त्याचा शेंडा छाटतात व खोडाला मधोमध चीर देतात. निवडलेल्या मातृवृक्षाच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. पावसाळ्यातील दमट हवा या कामाला अनुकूल असते. काडी व खुंट यांची जाडी जुळली नाही किंवा चाकूचा काप एका झटक्यात झाला नाही, तर कलम धरत नाही. ही गोष्ट पुस्तकातून कळते, पण साधते ती शेकडो कलमे बांधल्यावरच. गुलाबासाठी डोळा भरणे, क्रोटन व डाळिंबासाठी गुटी कलम, जास्वंदीसाठी छाट कलम या पद्धतीही शिकवल्या जातात.

त्याखेरीज माती व खते, पाणी देण्याच्या पद्धती, कीड व रोग, हिरवळीची लागवड, कुंड्या भरणे आणि अवजारांची निगा हे विषय असतात.

उपनगरातील काम आणि अभ्यासक्रम

उपनगरातील माळ्यापुढचे प्रश्न फळबागेपेक्षा वेगळे असतात. त्याचे बरेचसे काम वाढलेल्या झाडांशी निगडित असते आणि तिथे चूक झाली तर जीवावर बेतू शकते. पावसाळ्यात फांद्या व झाडे कोसळून दरवर्षी अपघात होतात, म्हणून मे महिन्यात छाटणीची घाई उडते. जड फांदी कापण्याची शास्त्रीय रीत तीन कापांची आहे: पहिला अर्धवट काप खोडापासून थोड्या अंतरावर खालून, दुसरा त्याच्या पलीकडे वरून आणि शेवटचा फांदीच्या बुंध्याशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता. एकाच कापात फांदी तोडली, तर ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते. ती जखम भरत नाही, तिथे कुजण्यास सुरुवात होते आणि काही वर्षांनी तेच झाड धोकादायक ठरते. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्याने झाडाचा तोलही जातो. बुंध्याभोवती ओतलेले काँक्रीट, मुळाशी खणलेले चर आणि वर्षावृक्षांवर पडलेली पिठ्या ढेकणांची कीड हीदेखील मुंबईच्या झाडांची परिचित दुखणी आहेत. वृक्षनिगा हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवण्याची गरज येथे सर्वाधिक आहे.

कायद्याची माहितीही आवश्यक असते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मधील दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. खासगी आवारातील छाटणीचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे जातो: घाटकोपरसाठी एन, मुलुंडसाठी टी, बोरिवलीसाठी आर मध्य, तर अंधेरीसाठी के पूर्व वा के पश्चिम. सोसायटीच्या सचिवाने तोंडी सांगितले म्हणून माळ्याने कुऱ्हाड चालवली, तरी गुन्ह्याची झळ त्यालाही लागू शकते.

गच्चीवरील लागवडीची परंपरा अभ्यासक्रमांबाहेर वाढली. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून माती घडवण्याची पद्धत प्रचारात आणली. मुंबईतील अनेक हौशी गच्ची-बागायतदारांनी तिच्यापासून प्रेरणा घेतली.

अनुभवी माळ्यांची मान्यता

उपनगरांत दिवसाला चार-पाच सोसायट्यांची कामे करणाऱ्या माळ्यांपैकी अनेकांकडे कोणतेही प्रमाणपत्र नसते. त्यामुळे कलमे बांधण्यात वाकबगार असलेला मनुष्यही पाणी घालणाऱ्याच्याच मजुरीवर राहतो आणि पात्रतेची अट असलेल्या नोकरीसाठी त्याला अर्ज करता येत नाही. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने यावर एक वाट काढली. आधी मिळवलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची ही तरतूद असून कृषी क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवलेल्या भूमिकांमध्ये माळी व रोपवाटिका कामगार यांचा समावेश आहे. चाचणीपूर्वी अल्पकाळाचे उजळणी प्रशिक्षण असते. रोजंदारी बुडवून त्याला हजर राहणे मात्र अनेकांना परवडत नाही.