इस्त्रीवाल्याचं टेबल कुठे जाणार?

मराठीत ‘परीटघडी’ असा एक छान शब्द आहे. परटाकडून धुऊन, खळ देऊन, इस्त्री होऊन आलेल्या कपड्याची घडी म्हणजे परीटघडी. जुनी माणसं अजून म्हणतात, “काय, आज अगदी परीटघडीत!” त्याच्याच जवळचा दुसरा शब्द ‘पांढरपेशा’. गंमत बघा, पांढरपेशाचा पांढरेपणा ज्याच्या हातांवर उभा होता, त्याच्या कामाचा इतिहास आपण शाळेत, कॉलेजात, कुठेच वाचलेला नसतो. म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण शेवटी प्रश्न तुमच्या-माझ्या इमारतीचाच आहे.

‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे. पगार, चावी, बटाटा ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला. काम करणारा मात्र इथलाच. परीट हा गावच्या बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं, त्यात या सगळ्या व्यवस्थेचं वर्णन आहे. परटाने गावाचे कपडे धुवायचे, लग्नकार्यात पायघड्या घालायच्या आणि सुगीला बलुतं म्हणून धान्य न्यायचं. या व्यवस्थेचे गोडवे गायचं काही कारण नाही. त्यात जात होती, अपमान होता, आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर होता. पण एक गोष्ट होती. हे काम गरजेचं आहे हे गावाने मान्य केलं होतं, आणि त्या कामासाठी पाणवठ्यावर जागा ठरलेली होती.

मुंबई वाढली तेव्हा तिलाही हे कळत होतं. मेट्रो सिनेमाजवळच्या भागाला आजही आपण धोबीतलाव म्हणतो. तलाव कधीच बुजला, नाव राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीला धोबीघाट उभा राहिला. ओळीने कुंड्या, प्रत्येक कुंडीला कपडे आपटायचा दगड. आज परदेशी पाहुणे पुलावरून त्याचे फोटो काढतात. शहराला धुतलेले कपडे हवे असतील तर धुणाऱ्याला पाणी आणि जागा द्यावी लागेल, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

त्या काळी धुणारा आणि इस्त्री करणारा एकच घर असायचं. कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करायची, ती कितीही धुतलं तरी जात नाही. मग भट्टी, मग आपटणं, पिळणं, नीळ, खळ, वाळवण आणि सगळ्यात शेवटी इस्त्री. घरातल्या बायकांचा या कामात अर्धा वाटा, पण ‘परीट’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. तेही इतिहासात लिहिलं गेलं नाही.

मग ही साखळी तुटली. १९५९ मध्ये सर्फ आली, १९६९ मध्ये निरमा आली, टेरिकॉट आलं, आणि मग घरोघरी वॉशिंग मशीन. धुणं परटाकडून काढून घेऊन आपण घरात आणलं. राहिली ती इस्त्री. यंत्राने धुणं घेतलं, पण शर्टाची कॉलर, बाहीची चुण, साडीचे काठ हे काम अजून माणसाच्या हातातच आहे. घरी इस्त्री असूनही आपण ढीग बांधून खाली पाठवतोच ना?

कारण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. सुती धाग्याला सुरकुती पडली की ती उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाल्याशिवाय जात नाही. म्हणून आधी पाण्याचा शिडकावा, मग दाब. सुती कापडाला जो ताप लागतो त्या तापात पॉलिस्टर चिकटतं, रेशीम पिवळं पडतं. विजेच्या इस्त्रीला बटण आहे, कोळशाच्या इस्त्रीला नाही. तिथे ताप ओळखायचा तो ओल्या फडक्यावर इस्त्री टेकवून, आवाजावरून. पितळेची ती धूड दिवसभर उभ्याने ढकलायची. उन्हाळ्यात, पत्र्याखाली.

धुणं गेलं तसा घाटही गेला. परटाचा झाला इस्त्रीवाला, आणि तो पाणवठ्यावरून आपल्या फाटकाशी आला. आज हातात इस्त्री असलेला माणूस परीट समाजाचाच असेल असंही नाही. कुणी उत्तर प्रदेशातला कनोजिया आहे, कुणी तेलंगणातला आहे, कुणी गिरणी किंवा कारखाना बंद झाल्यावर याकडे वळलेला आहे. कुणी जिन्याखाली, कुणी मीटरच्या खोलीला लागून, कुणी भिंतीला टेकून चार पत्रे ठोकून, कुणी हातगाडीवर. या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्यातली बहुतेक कुठल्याही कागदावर नाहीत. ‘चालतंय’ या एकाच शब्दावर त्या चालल्या आहेत.

आणि आता रिडेव्हलपमेंट आली आहे. आमच्या सोसायटीच्या नव्या नकाशात प्रत्येक फ्लॅटला पार्किंग आहे, जिम आहे, गच्चीवर बसायला जागा आहे. वीस वर्षं जिन्याखाली उभा असलेल्या आमच्या इस्त्रीवाल्याचं टेबल मात्र त्यात कुठेच नाही. बैठकीत मी विचारलं तर एक काका म्हणाले, “अहो, आगीचा धोका असतो, नियमात बसत नाही.” बाकी कुणी काही बोललं नाही. धोका खोटा नाही, हे मीही मानतो. पण आग हे कारण ऐकलं की मला एक जुना खटला आठवतो. तो इथला नाही, अमेरिकेतला आहे, तरी सांगतो.

एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को शहरात कपडे धुण्याचा आणि इस्त्रीचा धंदा मुख्यतः चिनी स्थलांतरितांच्या हातात होता. त्यांच्यावर राग होता. आधी शहराने कर लावला. ज्या लाँड्रीकडे घोडागाडी आहे तिला थोडका, आणि जी पायी कपडे पोचवते तिला तिमाहीला १५ डॉलर! पायी कोण पोचवत होतं? चिनी. मग १८८० मध्ये नियम आला : लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर नगर मंडळाची परवानगी हवी. कारण? आग. शहरात तेव्हा सुमारे ३२० लाँड्र्या होत्या, त्यातल्या ३१० लाकडी इमारतींत. सुमारे २४० चिनी लोकांच्या.

परवानगीसाठी दोनशेच्या आसपास चिनी अर्ज गेले. सगळे नामंजूर. चिनी नसलेल्या ८०-एक जणांना मात्र परवानगी मिळाली. ‘यिक वो’ ही लाँड्री त्याच इमारतीत २२ वर्षं चालू होती, अग्निशमनाच्या आणि आरोग्याच्या तपासणीत ती पासही झाली होती. तरी तिच्या चालकाला १० डॉलर दंड झाला, आणि तो भरला नाही म्हणून तुरुंग. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० मे १८८६ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला : कायदा कागदावर सगळ्यांना सारखा दिसत असला, तरी तो राबवताना हात वेगवेगळा पडत असेल, तर तो समानतेचा भंगच आहे. अमेरिकेच्या घटनेच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवला जातो. एका लाँड्रीच्या नावाने!

आमच्या सोसायटीत कुणाच्या मनात तसा द्वेष आहे, असं मी म्हणत नाही. पण नियम नेमका कुणाला लागू होतो ते बघा. त्याच जिन्याखाली उद्या इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होतील, तेव्हा आपण ‘बंद करा’ म्हणणार नाही. आपण वायरिंग नीट करून घेऊ, वेगळा स्विच बसवू. मग इस्त्रीच्या बाबतीत धोक्यावर उपाय करायच्या ऐवजी माणूसच का काढायचा?

सरकारी पातळीवर काय आहे तेही सांगतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फक्त माल विकणारे नाहीत, रस्त्यावर सेवा देणारेही धरले आहेत. सर्वेक्षण पुरं होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, असंही त्यात आहे. २०२० च्या पीएम स्वनिधी कर्जयोजनेत लाँड्रीचं काम नाव घेऊन आलं आहे. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत धोबी आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. म्हणजे इस्त्री मिळेल, ती ठेवायला जागा मात्र कुठलीच योजना देत नाही. आणि आपल्या फाटकाच्या आत काय होणार, ते आपणच ठरवतो.

शेजारच्या तेलंगणाने २०२१ पासून लाँड्र्यांना आणि धोबीघाटांना महिन्याला २५० युनिट वीज मोफत देण्याचा निर्णय घेतला. हा आकडा उगाच नाही. एक हजार वॉटची इस्त्री रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस चालली तरी २०८ युनिट होतात. म्हणजे एका माणसाचं काम त्यात बसतं. विजेचं बिल आटोक्यात आलं की कोळसा आपोआप सुटतो, धूर आणि आग दोन्ही कमी होतात. तामिळनाडूतल्या तिरुवण्णामलईच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने तर सौर ऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी तयार केली, आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भाषणही केलं. उपाय शोधायचे म्हटलं तर सापडतात.

गाडगेबाबा परीट समाजातले. २००० साली आपण ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, विद्यापीठालाही दिलं. मोठंच काम झालं. आता त्याच समाजाच्या हातातून आलेल्या या कामाला साठ चौरस फूट जागाही द्यावी.

म्हणून एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे रिडेव्हलपमेंटचा नकाशा आला असेल तर त्यावर सही करण्याआधी विचारा, इस्त्रीवाल्याचं टेबल कुठे आहे? वेगळा मीटर, योग्य वायरिंग, अग्निशामक सिलिंडर, लेखी भाडं. हे चार मुद्दे ठरावात लिहून घ्या. नकाशा पक्का झाल्यावर बिल्डर ऐकत नाही. आमची पुढची बैठक येत्या रविवारी आहे. मी हा ठराव लिहून नेणार आहे, अनुमोदन कुणाचं मिळतं ते बघू. तुमच्या इमारतीत असं काही झालं असेल, चांगलं किंवा वाईट, तर खाली जरूर लिहा. बैठकीत उदाहरण म्हणून उपयोगी पडेल.