धुण्याची जुनी यंत्रे आणि आपले हात

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राजेरजवाडे उभे राहतात. घरातले धुणे कोणी धुतले, कसे धुतले, हे त्यात कुठे येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही मंडळाच्या या स्मरणिकेत धुण्याच्या यंत्रांचा इतिहास लिहिण्याचे धाडस करीत आहे. परदेशातील हकीकत माझ्या पुतण्याने इंग्रजीतून वाचून मला समजावून दिली. यंत्राच्या पोटातली माहिती मात्र मी स्वतःच्या हातांनी मिळविलेली आहे.

धुण्याचे यंत्र ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १७६७ साली जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर यांनी अशा यंत्राची सचित्र माहिती छापली. १७८२ साली इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर यांनी हाताने फिरवायच्या पिंपाचे पेटंट घेतले. अमेरिकेत १७९७ साली नॅथॅनिअल ब्रिग्ज यांनी पेटंट घेतले. परंतु १८३६ साली तेथील पेटंट कचेरीला आग लागली आणि त्या यंत्राचे कागद जळून गेले. कागदावरचा इतिहास असा एका आगीत नाहीसा होतो. म्हणूनच प्रत्यक्ष जुनी यंत्रे जपणाऱ्या माणसांचे मोल मोठे आहे.

असे एक गृहस्थ म्हणजे ली मॅक्सवेल. हे विद्युत अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ईटन या गावी त्यांनी हजाराहून अधिक जुनी धुण्याची यंत्रे जमविली आणि मोडकी होती ती दुरुस्त केली. या यंत्रांच्या इतिहासावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ ‘बायकांचे प्राण वाचवा’ असा आहे. ते नाव ऐकले तेव्हा मला त्यात जराही अतिशयोक्ती वाटली नाही. नदीवर धोपटणे चालवून ज्यांचे खांदे गेले, त्यांना ते सांगायला नको.

जुने यंत्र दुरुस्त करणे म्हणजे नुसते रंग देऊन चकचकीत करणे नव्हे. लाकडी फळ्यांचे पिंप वर्षानुवर्षे कोरडे राहिले की फटी पडतात. बैलगाडीचे चाक सुकले की आपण पाणी ओतून फुगवतो, तसेच त्या पिंपातही पाणी भरून ठेवावे लागते. काही यंत्रांच्या आत ताक घुसळण्याच्या रवीसारखा दांडा असतो. वर दोन रूळ असतात, अगदी उसाच्या चरकासारखे. त्यांच्यामधून ओला कपडा घातला की पाणी निथळून तो चपटा होऊन बाहेर येई. परंतु त्या चरकात कपड्याबरोबर बोटेही जात आणि केसही अडकत. म्हणून पुढे रूळ एकदम सैल करणारी कळ बसविण्यात आली. जाणता माणूस असे यंत्र दुरुस्त करताना कडक झालेले रबर बदलतो आणि ती कळ चालते की नाही, हे आधी पाहतो.

आयोवा राज्यातील न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने १९१५ च्या सुमारास पेट्रोलच्या लहान इंजिनावर चालणारे यंत्र काढले. ते पायाने खटका मारून सुरू करीत. तिकडच्या शेतकरी बायकांना त्याचा फार उपयोग झाला, कारण १९३६ साली ग्रामीण विजेचा कायदा झाला तोवर दहापैकी सुमारे नऊ शेतघरांत वीजच नव्हती. शहरात विजेची यंत्रे आली होती. शिकागोच्या आल्वा फिशर यांना १९१० साली मिळालेले पेटंट पुष्कळ ठिकाणी विजेच्या यंत्राचे पहिले पेटंट म्हणून सांगतात. पण त्याआधीही इतरांची पेटंटे होती. १९३७ साली बेंडिक्स कंपनीचे आपोआप धुणारे यंत्र निघाले. ते इतके हादरे देई की जमिनीला बोल्टने पक्के करावे लागे.

कपडे वाळविण्याचे यंत्र १९३८ साली बाजारात आले. उत्तर डाकोटाचे रॉस मूर यांच्या कल्पनेवरून विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते काढले. तिकडे हिवाळ्यात दोरीवरचे कपडे गोठून फळीसारखे होतात, म्हणून हा खटाटोप. हे यंत्र उघडणाऱ्याने कपड्यांची साठलेली बारीक लव प्रथम काढावी लागते, कारण तापलेल्या तारेजवळ ती पेट घेते. काही जुन्या यंत्रांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून तिथे हौशी माणसाने हात घालू नये.

आता आमच्या घरचे सांगते. सासूबाईंनी १९९५ साली भिशीच्या पैशांतून दोन टबांचे यंत्र घेतले. त्याआधी नऊ माणसांचे धुणे त्या विहिरीवर धूत. काही वर्षांपूर्वी ते बंद पडले. मेकॅनिक म्हणाला, “आता सुटे भाग मिळत नाहीत, भंगारात द्या.” ह्यांनीही होकार दिला. सासूबाई म्हणाल्या, “दे गं, जुनंच झालंय.” पण बोलताना संधिवाताने वाकडी झालेली बोटे त्या झाकणावरून फिरवीत होत्या. मी म्हटले, “आई, मला एकदा उघडून तर बघू द्या.”

मग रोज दुपारची झाकपाक झाली की मी पाना आणि पक्कड घेऊन बसे. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहते, म्हणून तेवढे काम गल्लीतल्या वायरमनकडून करवून घेतले. धुण्याच्या टबाचा पट्टा सैल झाला होता. पिळण्याच्या टबाची ब्रेकची तार गंजली होती. त्याच्या खालचे रबर चिरल्यामुळे पाणी मोटारीवर गळत होते. मोटार भरून आणली. रबर दुसऱ्याच यंत्राचे, पण मापाला बसणारे मिळाले. तळाशी गणवेशाची बटणे, नाडीचा तुकडा आणि दहा पैशांचे नाणे सापडले. बटणे पाहून सासूबाई ह्यांच्या शाळेच्या गोष्टी सांगू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात यंत्र चालू झाले तेव्हा त्यांनी स्वतःचे लुगडे आणून पहिल्याने टाकले.

यंत्र उघडल्यामुळे मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. आपटणे आणि पिळणे एवढे यंत्राने घेतले. पाणी भरणे, ओले कपडे एका टबातून दुसऱ्या टबात उचलून घालणे, कॉलर चोळणे, वाळत घालणे, घड्या घालणे, हे सारे आपल्याकडेच राहिले. अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवन यांनी १९८३ सालच्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात हेच दाखविले आहे. यंत्रे आली तसे रोज स्वच्छ कपडे घालण्याचे मानही वाढले, आणि पूर्वी धोबिणीकडे वा लाँड्रीत जाणारे काम पुन्हा घरच्या बाईकडे आले. अंगमेहनत कमी झाली, पण वेळ मात्र फारसा वाचला नाही. आज बटण दाबून यंत्र आपोआप चालते, तरी ‘धुणे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत तेच आहे. जुने यंत्र उघडले की त्याने काय घेतले आणि बाईकडे काय ठेवले, याचा हिशेब समोर येतो. तो मुलांनाही दाखवावा, मुलग्यांना तर अवश्य.

भगिनींनो, प्रत्येकीने जुने सामान सांभाळावे असे माझे म्हणणे नाही. आपल्या लहान घरांत तेवढी जागा कुठली! परंतु भंगारवाल्याच्या तराजूत यंत्र घालण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला चार प्रश्न विचारावेत. यंत्राआधी धुणे कुठे होत असे? किती माणसांचे? पाणी कोण आणी? यंत्र कोणाच्या पैशाने आले? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. अशी एक वही आपल्या मंडळाने ठेवावी, असे मी सुचविते. पहिले पान आमच्या सासूबाईंनी सांगितलेले मी लिहून देते.