हस्तकलेच्या दुकानासाठी शॉपिंग कार्ट कसे निवडावे? निर्मलच्या खेळण्यांवरून काही निकष

हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, गोदावरी ओलांडल्यानंतर थोड्याच अंतरावर निर्मल हे गाव लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले आणि निर्मल स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण बनले. पश्चिमेला महाराष्ट्राचा नांदेड जिल्हा खेटून असल्याने या परिसरात मराठीचा वावर जुना आहे. लाकडी खेळणी आणि सोनेरी झाक असलेली चित्रे ही या गावाची ओळख. सावंतवाडीप्रमाणेच गंजिफाही येथे एके काळी बनत असत. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे.

अशा मालासाठी ऑनलाइन दुकान थाटायचे झाल्यास पहिला प्रश्न येतो तो शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअरचा. बहुतेक विक्रेते त्याचे उत्तर जाहिरातीतील किमतीवरून किंवा संकेतस्थळाच्या देखण्या नमुन्यांवरून ठरवतात. वास्तविक ते मालावरून ठरले पाहिजे. माल कसा आहे, किती आहे आणि तो कसा पाठवायचा, हे आधी पाहिले नाही तर कारागिराच्या श्रमाचे मोल सॉफ्टवेअरचे भाडे, मोडतोड आणि कुरिअर यांतच संपून जाते.

टोपलीचे काम

संकेतस्थळ मुळात विसराळू असते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला ग्राहक तोच आहे, हे त्याला आपोआप कळत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी या अडचणीवर ‘कुकी’ हा उपाय योजला. ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची टोपली लक्षात ठेवणे, हेच या उपायामागचे एक मुख्य निमित्त होते. आजचे शॉपिंग कार्ट त्याहून पुष्कळ अधिक काम करते. वस्तूंची सूची, शिल्लक साठा, कर, वाहतूक खर्च, रकमेचा भरणा आणि पावती हे सारे त्याच्याच अखत्यारीत येते.

ते उभे करण्याचे प्रमुख मार्ग दोन. पहिला भाड्याचा. कॅनडात २००६ साली सुरू झालेली शॉपिफाय ही त्यातली परिचित सेवा. दरमहा शुल्क भरायचे, सुरक्षा आणि अद्ययावतीकरण कंपनीने पाहायचे. दुसरा मार्ग मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा. वर्डप्रेसवर चालणारे, २०११ पासूनचे वूकॉमर्स, तसेच ओपनकार्ट आणि प्रेस्टाशॉप ही त्याची उदाहरणे. हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. परंतु होस्टिंगचा खर्च, माहितीच्या प्रती राखणे आणि वेळोवेळी दुरुस्त्या करणे हे मालकाच्या माथी येते. अॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर माल ठेवणे हा तिसरा पर्याय खरा, पण ते दुसऱ्याच्या बाजारात गाळा घेण्यासारखे आहे. तेथे टोपलीही बाजाराची आणि ग्राहकही बाजाराचा.

हलका माल, जड कुरिअर

निर्मलची खेळणी पोनिकी नावाच्या मऊ आणि अतिशय हलक्या लाकडापासून घडवतात. सुटे भाग चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडले जातात, वर पांढऱ्या मातीचा थर देऊन रंग चढवला जातो. हातात घेतल्यास खेळणे फुलासारखे वाटते, मात्र बाहेर आलेला पक्ष्याचा पंख किंवा हत्तीची सोंड सांभाळण्यासाठी त्याला ऐसपैस खोके लागते.

गणित बिघडते ते येथेच. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की किलोग्रॅममधील आकारमानी वजन मिळते, ही त्यांची प्रचलित रीत. समजा, ८०० ग्रॅमचे खेळणे ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरले. कागदावर त्याचे वजन ४.८ किलो भरते. सॉफ्टवेअरने ग्राहकाकडून एका किलोचे शुल्क घेतले असेल तर उरलेला खर्च विक्रेत्याच्या खिशातून जातो. म्हणून प्रत्येक वस्तूचे वजन आणि मापे नोंदवण्याची सोय आहे का, आणि वाहतूक खर्च काढताना त्या मापांचा उपयोग खरोखर होतो का, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात. वूकॉमर्समध्ये मापांचे रकाने मुळातच आहेत. त्यांवरून दर काढण्यासाठी मात्र बहुधा वेगळी जोडणी बसवावी लागते.

एकच नग, दोन ग्राहक

पोनिकीचे लाकूड आता मुबलक मिळत नाही आणि हाताने रंगवलेले चित्र तर एकमेव असते. एकाच चित्राला एकाच वेळी दोघांनी पैसे भरले तर एकाची रक्कम परत करण्याची आणि त्याची नाराजी ओढवून घेण्याची वेळ येते. यासाठी भरणा पूर्ण होईपर्यंत नग राखून ठेवण्याची आणि ठरावीक वेळेनंतर तो मोकळा करण्याची व्यवस्था हवी. वूकॉमर्समध्ये ही मुदत मिनिटांत ठरवता येते. प्रदर्शनात किंवा दुकानात विकलेला नग संकेतस्थळावरून त्याच क्षणी कमी करणे मोबाइलवरून जमते का, हेही पाहावे.

भरणा आणि कर

भाड्याची सेवा घेताना शुल्काचे थर मोजावेत. महिन्याचे भाडे, पेमेंट गेटवेचे शुल्क आणि बाहेरचे गेटवे वापरल्याबद्दल काही सेवा लावतात ते जादा शुल्क, असे हे तीन थर. समजा, भाडे दरमहा २००० रुपये आहे आणि महिन्यात २० खेळणी विकली गेली. प्रत्येक खेळण्यावर १०० रुपये केवळ भाड्याचे पडले. दोनशे खेळणी विकली गेली तर तेच भाडे १० रुपयांवर येते. विक्री थोडी असताना स्वस्त सुरुवात करणे आणि ती वाढल्यावर स्थलांतर करणे श्रेयस्कर. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी सवलत दर शून्य आहे, तरीही गेटवे स्वतःचे सेवाशुल्क घेऊ शकते. तेव्हा करार वाचूनच सही करावी.

कराच्या बाबतीत निर्मलची भौगोलिक स्थिती बोलकी आहे. हैदराबादच्या ग्राहकाला राज्यांतर्गत वस्तू व सेवा कर लागतो. शेजारच्या नांदेडचा ग्राहक जवळचा असला तरी परराज्यातला असल्याने त्याच्या पावतीवर एकात्मिक कर येतो. सॉफ्टवेअरने पत्त्यावरून हा भेद आपोआप करायला हवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही अटींसह ई-कॉमर्स मंचावरून माल विकता येतो, परंतु फक्त स्वतःच्या राज्यात. हस्तकलेच्या मालासाठी काही वेगळ्या सवलती आहेत. दुकान उघडण्यापूर्वी त्यांविषयी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार मालाचा मूळ देश, परतीच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ग्राहकाला दिसला पाहिजे. खेळण्यांवरील भारतीय मानक चिन्हाची सक्ती २०२१ पासून लागू झाली. तीतून नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना सूट मिळाली. त्या नोंदणीचा उल्लेख वस्तूच्या पानावर करता येईल असा रकाना असावा. नकली मालाच्या गर्दीत अस्सल मालाची ती साक्ष ठरते.

दुकान हलवता आले पाहिजे

सर्वांत दुर्लक्षित निकष शेवटचा. वस्तूंची सूची, ग्राहकांची यादी आणि जुन्या मागण्या साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का? बहुतेक प्रस्थापित सेवांमध्ये ते शक्य असते, पण पानांची मांडणी सोबत येत नाही. हे करार करण्यापूर्वीच, दहा-बारा वस्तू भरून आणि त्या बाहेर काढून पाहावे. घरमालक बदलला तरी गिऱ्हाईक हातचे जाऊ नये, हा व्यापारातला जुना धडा येथेही लागू पडतो.

गोमंतकातील विक्रेत्यालाही हे निकष उपयोगी पडतील, मात्र त्यांचा क्रम बदलेल. २०२३ साली मानांकन मिळालेली बिबिंका पाठवणाऱ्याला आकारमानी वजनापेक्षा टिकण्याची मुदत आणि पोहोचण्याचे दिवस महत्त्वाचे. मानकुराद आंब्याला हंगाम संपताच विक्री थांबवण्याची सोय हवी. निर्मलच्या कारागिराला मापे हवीत आणि एका नगाची राखण हवी. प्रत्येकाने आपल्या मालाच्या गरजा आधी कागदावर लिहाव्यात आणि ती यादी हाती घेऊनच सॉफ्टवेअर पाहायला बसावे.