धरणाच्या पोटातलं शेत

धरणाचा इतिहास म्हटला की आपण काय लिहितो? बांधकाम कधी झालं, दरवाजे किती, पाणी किती दलघमी मावतं. तळाशी बसलेल्या गाळाचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून आज थोडं गाळाविषयी.

आमचा चांदूर बाजार तालुका पूर्णेचा. ही नदी बैतूलकडच्या सातपुड्यात उगम पावते आणि खाली येऊन विश्रोळीच्या धरणात थांबते. येताना डोंगरउतारावरची, शेताबांधावरची वरची माती घेऊन येते. माती आली म्हणजे तिच्यासोबत नत्र, स्फुरद आणि कुजका पालापाचोळाही आलाच.

पूर्वी वऱ्हाडात नदीचं पाणी उतरलं की पात्रात डांगरवाड्या लागायच्या. धरणं आली तशी ही चाल धरणाच्या पोटात गेली. पाणी उतरून जी ओली जमीन उघडी पडते, तिच्यात हरभरा, भुईमूग, टरबूज घेतात. सरकारी भाषेत ही ‘गाळपेर’. ती देताना ज्यांची शेतं धरणात बुडाली त्यांना आधी विचारायचं, असा नियम आहे. म्हणजे बुडालेलं शेत वर्षातून काही महिने परत भेटतं, तेही भाड्यानं!

आता तुम्ही म्हणाल, या जमिनीत एवढा कस येतो कुठून? नुसत्या गाळातून नाही. पाण्याच्या चढउतारातून.

इंग्लंडमधल्या तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये दाखवून दिलं, की गाळाला प्राणवायू मिळतो तोवर त्यातलं गंजलेलं लोखंड स्फुरदाला धरून ठेवतं. प्राणवायू संपला की ती पकड सुटते आणि स्फुरद पाण्यात उतरतो. पुढे १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी सुकलेल्या मातीवर पाणी पडल्यावर काय होतं ते मोजलं. जीवाणू एकदम जागे होतात आणि अडकलेलं नत्र मोकळं करतात. रोहिणीच्या पहिल्या पाण्यानं तापलेली जमीन कशी फुलून येते, हे आमच्या आजोबांना शाळेत न जाता माहीत होतं. बर्च यांनी त्याला आकडे दिले, एवढंच.

धरणात हेच घडतं. उन्हाळ्यात गाळ भेगाळतो, आत हवा शिरते. पावसाळ्यात पाणी चढलं की मोकळं झालेलं थोडं नत्र पाण्यात विरघळतं, थोडं तळाशी वायू होऊन उडून जातं. स्फुरद मात्र उडत नाही. तो फार सुटला की पाणी हिरवं पडतं, शेवाळ माजतं आणि मासे गुदमरतात.

म्हणून मला काळजी वाटते ती गाळपेरीत पोत्यानं खत आणि वर फवारा मारण्याची. ते शेत चार-सहा महिन्यांत पुन्हा पाण्याखाली जाणार, आणि कितीतरी धरणांचं पाणी आपण पितोही. ज्या जमिनीला नदीनंच खत घातलंय, तिला वरून कशाला हवं?

२०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. २०१८ च्या दुष्काळात सरकारनं गाळपेर जमिनी वैरणीसाठी नाममात्र भाड्यानं द्यायचं ठरवलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. गाळ शेतात गेला म्हणजे वाहून गेलेली माती घरी आली. पण तो मुरमाड, हलक्या रानात पडावा. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीत, त्यातही संत्र्याच्या बागेत तो ओतला तर निचरा बसतो आणि झाडाची मुळं सडतात. आमच्या भागात संत्रा बराच, म्हणून मुद्दाम सांगतो.

दरवर्षी धरण किती टक्के भरलं ते आपण पेपरात वाचतो. उन्हाळ्यात ते किती उतरलं, उघड्या गाळात कोणी काय पेरलं आणि त्यात काय टाकलं, याचीही कुठेतरी नोंद राहायला हवी. तुमच्या गावच्या तलावात गाळपेर होते का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा.