यादीत नसलेले पाणी

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणारी मंडळी निघण्यापूर्वी कित्येक दिवस याद्या करीत बसतात. सांगलीहून लेहपर्यंत जाण्याचा आम्हां मित्रांचा बेत ठरला तेव्हा आमचीही यादी झाली. क्लचची जादा केबल, स्पार्क प्लग, ट्यूबा, हवा भरायचा पंप, पान्ह्यांचा संच, चेनचे तेल, रेनकोट, थंडीचे कपडे, गाड्यांची कागदपत्रे. कामेही वाटून घेतली. एकाने गाड्या गॅरेजला न्यायच्या, एकाने रस्ता आखायचा, एकाने मुक्कामाच्या खोल्या ठरवायच्या. पाण्याचा विषय निघाला तेव्हा ते फारसे सोबत बाळगण्याचे कारण नाही, वाटेत कुठेही मिळते, असे सर्वांचे मत पडले आणि पाणी यादीतून गळले.

ही घटना अगदी किरकोळ. परंतु तिच्यामुळे आम्हांस एक जुनी यादी आठवली आणि प्रवासाच्या आखणीकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटू लागले. प्रवासवर्णने आपण वाचतो, शिकवतो. त्यांतील आखणीची पाने मात्र बहुधा भरभर उलटतो. वस्तुतः यादीत माणूस जे विसरण्याची भीती असते ते लिहितो; जे मिळणारच अशी खात्री असते ते लिहीत नाही. ही खात्री कोणाला कशाची होती, हे कळले तर त्या काळचा रस्ता कोणाच्या मालकीचा होता हेही कळते. यादीतील गाळलेल्या जागा या अर्थाने इतिहासाच्या जागा असतात.

आठवलेली यादी साताऱ्याची आहे. साल सुमारे १९०१. सुभेदार रामजी सकपाळ हे तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. मुले साताऱ्यास आत्याजवळ राहत. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना बोलावले आणि घरात तयारीची धांदल उडाली. विलायती कापडाचे नवे सदरे, जरतारी टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. वडिलांनी प्रवासाचा सारा तपशील कळवला होता. निघण्याचा दिवस पत्राने कळवावा, म्हणजे स्टेशनवर शिपाई पाठवतो, असेही सांगितले होते. त्याप्रमाणे पत्र गेले. दहा मैलांवरच्या स्टेशनपर्यंत टांगा ठरला. फराळाचा डबा बरोबर होता. थोरल्या भावाने तिकिटे काढून धाकट्यांना दोन-दोन आणे खर्चायला दिले, त्यांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या मागवल्या. त्या धाकट्यांपैकी एक, नऊ-दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे पुढील काळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ही हकीकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनपर लेखनात सांगितली आहे. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेले हे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. प्रवासाची आखणी या दृष्टीने पाहिले तर त्या मुलांच्या तयारीत एकही चूक सापडत नाही. कपडे, तिकिटे, खर्चाचे पैसे, खाणे, आगाऊ पत्र, सर्व काही होते. तरीही मसूर स्टेशनावर संध्याकाळी पाच वाजता गाडीतून उतरल्यावर ही आखणी तासाभरात कोलमडली. शिपाई आला नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडी मिळाली.

रात्र पडली. डब्यात अन्न होते, प्यायला पाणी नव्हते. कोरड्या नदीतील डबक्यातले पाणी चिखलाने आणि गुरांच्या मलमूत्राने बरबटलेले. मध्यरात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर पोहोचल्यावर, गाडीवानाच्या सल्ल्यावरून आपण मुसलमान असल्याचे भासवून त्या मुलाने नाकेदाराकडे उर्दूत पाणी मागितले. तेही मिळाले नाही. मुले उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगावी पोहोचली. नोकराने पत्र घेतले होते, पण ते वडिलांना द्यायचे राहून गेले होते, असे मागाहून उघडकीस आले.

या शेवटच्या तपशिलाकडे आम्ही आजवर केवळ दुर्दैवी योगायोग म्हणून पाहत आलो. आता वाटते की, त्या आखणीतील सर्वांत मोलाची वस्तू तो शिपाईच होता. लष्करात नोकरी केलेल्या वडिलांना मसूर ते गोरेगाव ही वाट कशी आहे याची कल्पना नसेल, हे संभवत नाही. शिपाई पाठवण्यामागे मुलांची हौस पुरवण्यापलीकडचा काही हेतू होता काय? तो शिपाई म्हणजे गाडी, पाणी आणि ओळख हे सारे एका माणसात बांधून पाठवण्याची युक्ती असावी. यादीत 'पाणी' असे लिहिले नव्हते. ते 'शिपाई' या शब्दात दडलेले होते. हा आमचा तर्क आहे. लेखकाने तसे म्हटलेले नाही. पण एक कडी निसटताच बाकीची सगळी तयारी निरुपयोगी ठरते, यावरून त्या कडीचे वजन लक्षात येते.

याच्या शेजारी मराठीतील सर्वांत प्रसिद्ध प्रवास ठेवून पाहावा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे कर्जाला कंटाळून, बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत असे ऐकून, १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत त्यांना बंड भेटले. लूट, उपासमार, जिवावरचे प्रसंग, सर्व त्यांनी सोसले, आणि १८८३मध्ये लिहिलेली त्यांची हकीकत भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापली. त्यांच्या हालांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मात्र अनोळखी गावात भिक्षुकाला यजमान भेटेल, घाटावर स्वयंपाक करता येईल, विहिरीवर जाता येईल, ही खात्री त्यांच्या पाठीशी होती. परत येताना त्यांनी गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. एका प्रवाशाला पाणी शेकडो कोस वाहून नेण्याचे पुण्य लाभते. दुसऱ्याला नाक्यावर ओंजळभर मिळत नाही. दोन्ही प्रवासांत अर्ध्या शतकाचेही अंतर नाही.

मोठेपणी आंबेडकरांच्या प्रवासांची आखणी कशी बदलली, हे त्याच लेखनातील पुढच्या दोन प्रसंगांत दिसते. १९२९ साली ते सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावी उतरले. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हते, आणि पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतील लोकांना कमीपणाचे वाटत होते. तोड अशी निघाली की, टांगा भाड्याने घ्यायचा आणि वस्तीतल्याच एकाने तो हाकायचा. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. साताऱ्याच्या मुलांनी जी युक्ती नाइलाजाने केली होती, तीच अठ्ठावीस वर्षांनी बॅरिस्टराच्या वाट्याला आली.

दुसरा प्रसंग १९३४चा, आणि मित्रांसह केलेल्या मोटारप्रवासाचा. चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीची इच्छा व्यक्त केली. वेरूळची लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे, एक बस आणि एक मोटार, नाशिकहून येवल्यामार्गे औरंगाबादकडे. या बेतातील एक कलम आम्हांस फार बोलके वाटते: सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. आडवळणाच्या भागात अस्पृश्य प्रवाशाला ज्या अडचणी येतात त्या टाळण्यासाठी ओळख न देता फिरायचे, आणि जेथे मुक्काम करायचा तेथील आपल्याच लोकांना तेवढे कळवायचे, असे ठरवले होते. इतर प्रवासी यादीत सामान लिहितात. या मंडळींनी आपले नाव गाळून यादी केली. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने भरलेले हातपाय धुतल्यावर टाके बाटवल्याचा आरडाओरडा झाला. ओरडणारे या खेपेस मुसलमान होते. पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

सांगलीकडूनही अशीच एक वाट निघते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले; त्यातील वाळवा तालुक्यातले वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे जन्मगाव. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे कुटुंब तेथून पायी मुंबईस गेले. वाटेत मिळेल ते काम करीत केलेल्या या प्रवासाला आखणी कसली असणार? ज्याची यादीच होत नाही असाही प्रवास असतो, आणि साहित्याच्या इतिहासात त्याची नोंद सहसा चरित्राच्या एका वाक्यात आटोपते. त्याच अण्णा भाऊंनी १९६१ साली रशियाचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचा पहिला प्रवास मात्र पुस्तकाविना राहिला.

आता पुन्हा आमच्या बेताकडे येतो. महामार्गावरील टोलनाक्यांवर दुचाकीला टोल नाही. बाजूच्या अरुंद पट्टीतून न थांबता निघून जाता येते. पाण्याची बाटली प्रत्येक टपरीवर मिळते आणि विकणारा जात विचारीत नाही. हा बदल लहान नाही; तो आपोआप झालेला नाही, हेही महाड आठवल्यावर सांगावे लागत नाही. म्हणून आमचा इतिहासाचा विचार येथेच समाधानाने थांबला असता.

पण खोल्या ठरवण्याचे काम ज्या मित्राकडे होते त्याने एका बैठकीत सुचवले की, दोन-तीन ठिकाणच्या खोल्या त्याच्या नावावर न घेता आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या आडनावावर घ्याव्यात. फोनवर बोलणे सोपे जाते, एवढेच तो म्हणाला. आम्ही मान हलवली आणि पुढच्या विषयाकडे वळलो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचताना दौलताबादच्या पानाशी आलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ आम्हांस लागला. पंधरा वर्षांची मैत्री असून आमच्या यादीत काय गाळले गेले आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आम्हांस ते एका जुन्या पुस्तकातून कळावे लागले.

त्याच्याशी त्यानंतर बोललो. नाव बदलायचे की नाही हे त्यानेच ठरवावे, आणि फोन आम्ही सर्वांनी मिळून करावेत, असे ठरले. त्याने सर्व खोल्या स्वतःच्या नावावर घेतल्या. एके ठिकाणी खोली शिल्लक नसल्याचे उत्तर आले. त्याचे खरे कारण काय ते सांगता येणार नाही. रस्त्यात एक बदल केला आहे. कराडहून सरळ महामार्गाने न जाता मसूरला वळायचे, स्टेशनवर थांबायचे, आणि तेथून पुढे गोरेगावकडे जाणारी वाट दिवसाउजेडी पाहून मग साताऱ्यास यायचे. यादीत पाणीही लिहिले आहे. माणशी दोन लिटर.