माज ओळखण्याचा इतिहास : धसई परिसराच्या संदर्भात

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहारांमुळे राज्यभर गाजले. गावात एखादे यंत्र येते तेव्हा ते नेमक्या कोणत्या अडचणीवरचे उत्तर म्हणून येते, हा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला. दुभत्या गाईचा माज आपोआप टिपणाऱ्या उपकरणांबाबत तोच प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माज ओळखणे ही गोपालनातील सनातन अडचण आहे, असे सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. कळपात वळू असेपर्यंत हे काम त्याचेच होते. कौटिलीय अर्थशास्त्रात गाई-म्हशींच्या शंभरांच्या कळपात चार वळू असावेत, असे प्रमाण दिले आहे. माजाच्या निरीक्षणासाठी वेगळा माणूस नेमण्याची गरज त्या व्यवस्थेत नव्हती. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात मुसळधार पावसाला टिकणारी डांगी गुरे याच रीतीने रानात चरत आणि फळत. ती पाळली जात मुख्यतः भातशेतीतील बैलांसाठी. दूध दुय्यम असल्याने एखादा माज वाया गेला तरी घरात त्याचा हिशेब होत नसे.

हा हिशेब वळू दूर झाल्यावर सुरू झाला. मुंबई प्रांताच्या १९३३ च्या पशुधन सुधारणा कायद्याने वळू बाळगण्यासाठी परवान्याची आणि अयोग्य वळूंच्या खच्चीकरणाची तरतूद केली. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाडा दुग्धशाळेत भारतातील कृत्रिम रेतनाचा प्रारंभ झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने गोठीत रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. संकरित गाय आली, दूध वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु वळूचे काम आता माणसाच्या डोळ्यांवर आले. आणि गोठ्याची झाडलोट, वैरण, धारा पाहणाऱ्या घरातील स्त्रीचे हे ज्ञान विस्तारकार्याच्या अहवालांत क्वचितच ज्ञान म्हणून नोंदले गेले.

हे काम सोपे नाही. दर एकवीस दिवसांच्या सुमारास येणारा माज साधारण बारा ते अठरा तास टिकतो. हंबरणे, अस्वस्थता, दूध चोरणे, दुसऱ्या गाईवर उडणे, काचेसारखा चिकट स्राव ही त्याची लक्षणे; मुक्या माजात तीही स्पष्ट दिसत नाहीत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा आजही पाळला जाणारा नियम अमेरिकेत ट्रिंबर्गर यांच्या १९४० च्या दशकातील अभ्यासातून रूढ झाला. वेळ चुकली की गाय उलटते आणि पुढचे एकवीस दिवस फुकट खाते.

यंत्र आले ते मात्र वेगळ्या गोठ्यांसाठी. माजावरील गाय नेहमीच्या कित्येक पट हालचाल करते, हे १९७७ मध्ये किडी यांनी पेडोमीटर बांधून दाखवले. पुढे इस्रायलमधील मोठ्या गोठ्यांत पायातील, नंतर गळ्यातील संवेदक रुळले. हालचालीबरोबर रवंथाचीही नोंद होऊ लागली. शेकडो गाई आणि मोजकी माणसे, ही त्या शोधामागची परिस्थिती. भारतात २०११ पासून बंगळूरच्या स्टेलॅप्ससारख्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या.

धसईच्या आसपास एका दावणीला बहुधा दोन-तीन जनावरे असतात. त्यांतील काही दिवसभर डोंगर चढतात-उतरतात; अशा गाईच्या पावलांवरून माज वेगळा काढणे बंदिस्त गोठ्याइतके सरळ नाही. शिवाय येथे अडते ते ओळखण्यात नव्हे, ओळखल्यानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कृत्रिम रेतन कार्यक्रमाने दारात विनामूल्य सेवा आणि कानातील बारा अंकी बिल्ल्यावर नोंद, अशी रचना केली. पण श्रावणात ओढे भरलेले असताना द्रवरूप नत्राचे भांडे घेऊन रेतन करणारा पाड्यावर वेळेत पोहोचणे हे कोणत्याही संवेदकाच्या कक्षेत येत नाही. सकाळी स्राव पाहून घरच्या बाईने निरोप धाडला आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तर गळ्यातील पट्ट्याने मध्यरात्री दिलेल्या इशाऱ्याचाही फारसा उपयोग होणार नाही. संवेदकांसाठी अनुदानाचा विचार करताना या भागात आधी रेतनसेवकांची संख्या आणि एखाद्या पाड्यावर चांगला डांगी वळू पुन्हा ठेवण्याची शक्यता तपासली जावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.