मेंढरांचा पहिला हक्क

मेरिदाच्या रोमन पुलावर मी सायकलवरून उतरलो आणि कमानी मोजत चालू लागलो. रस्त्यांच्या कामावर बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते केल्याशिवाय पुढे जाववत नाही. साठ कमानी, लांबी आठशे मीटरला थोडी कमी, खाली ग्वादियाना नदीचं संथ पाणी. इ. स. पूर्व २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या काळात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन हे गाव वसवलं गेलं. त्याचं लॅटिन नाव एमेरिता आउगुस्ता. ‘एमेरिती’ म्हणजे सेवा पुरी केलेले. पुरांनी आणि लढायांनी पुलाच्या कमानी अनेकदा पाडल्या, आणि दर वेळी कोणी ना कोणी त्या पुन्हा उभ्या केल्या. १९९१ साली जवळच नवा पूल झाला, त्यानंतर कुठे जुन्या पुलाची मोटारींच्या ओझ्यातून सुटका झाली. मीही सेवा पुरी केलेला. प्रवास इथूनच सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटलं होतं.

स्पेनच्या पश्चिमेला, एस्त्रेमादुरा प्रांतातून उत्तरेकडे सालामान्कापर्यंत मला पाच दिवसांत जायचं होतं. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेचं नाव ‘विया दे ला प्लाता’, शब्दशः चांदीची वाट. पण हिच्यावरून चांदी वाहिली जात असे म्हणून हे नाव पडलं, असं नाही. अरबीत ‘बलात’ म्हणजे फरसबंदी; त्या ‘अल-बलात’चा लोकांच्या तोंडी ‘प्लाता’ झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. रोमनांनी बांधलेली वाट, तिला अरबांनी दिलेलं नाव आणि स्पॅनिश माणसाने लावलेला अर्थ, असे तीन थर त्या एका शब्दात आहेत. पुढचे पाच दिवस मी असेच थर उलगडत गेलो.

रोमन रस्ता म्हटलं की मोठमोठ्या फरश्या डोळ्यांसमोर येतात. पण शहराबाहेर बहुतेक ठिकाणी त्यांनी खाली दगडांचा भक्कम थर दिला, कडेला मोठे दगड रोवून तो आवळला आणि वर बारीक खडी, मुरूम दाबून बसवला. घोड्याचा पाय आणि गाडीचं चाक दोन्हींना तेच सोसतं. आम्ही गावाकडे खडीकरण करायचो, तेही याच अकलेने. मैलाचे दगड मात्र आमच्यापेक्षा कितीतरी भारी: पुरुषभर उंचीचे गोल खांब, त्यांवर सम्राटाचं नाव आणि अंतर. सैनिकाची एक हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल, आजचे सुमारे दीड किलोमीटर.

आज त्या वाटेला धरून ६३० क्रमांकाचा जुना राष्ट्रीय रस्ता जातो आणि त्याच्या शेजारून ६६ क्रमांकाचा नवा चौपदरी महामार्ग. ट्रक आणि घाईची माणसं महामार्गावर गेली; जुना रस्ता आमच्यासारख्यांना उरला. डांबर अजून गुळगुळीत, चढ बेताचे. मागून एखादी गाडी आलीच, तर कायद्याने सायकलपासून दीड मीटर अंतर सोडून पुढे जाते. तासन् तास मला फक्त साखळीचा आवाज ऐकू येत होता.

पहिला मुक्काम कासेरेस. तटबंदीच्या आत सरदारांचे दगडी वाडे आणि बुरूज आहेत, पण बहुतेक बुरूज वरून छाटल्यासारखे दिसतात. छाटलेलेच आहेत ते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राणी इसाबेलने आपापसांत झुंजणाऱ्या सरदारांची मस्ती उतरवण्यासाठी बुरूज खाली आणवले. एकाला सूट मिळाली. त्याचं नाव आज करकोच्यांचा बुरूज.

सायकलवाल्यांच्या लेखी कासेरेसला आणखी एक मान आहे. स्पेनची मोठी शर्यत, ‘वुएल्ता’, १९३५ साली पहिल्यांदा झाली तेव्हा तिच्या चौदा टप्प्यांपैकी तेरावा इथून सुटला आणि उत्तरेला सामोराला संपला. मी पाच दिवसांत कापणार होतो जवळपास तेवढं अंतर त्या लोकांनी एका दिवसात कापलं, तेही गिअर बदलायची आजची सोय नसताना. पन्नास जण निघाले होते, माद्रिदला पोचले एकोणतीस. पुढच्या वर्षी दुसरी वुएल्ता संपली आणि थोड्याच आठवड्यांत यादवी युद्ध पेटलं. शर्यत पुन्हा सुरू व्हायला १९४१ साल उजाडलं.

या रस्त्यावर माझं लक्ष शर्यतवाल्यांपेक्षा एका वेगळ्या खुणेकडे जास्त गेलं. मधूनच कडेला एक बैठं, पडकं घर दिसतं. ही रस्ता राखणाऱ्याची चौकी. अठराव्या शतकापासून स्पेनने रस्त्यावर ‘पेओन कामिनेरो’ नेमले. एकेका माणसाकडे एक लेगुआ, म्हणजे साडेपाच किलोमीटर रस्ता. खड्डे बुजवायचे, चर मोकळे ठेवायचे, पडलेलं झाड हलवायचं. पुढे त्यांना रस्त्यालगत अशी घरं मिळाली. आमच्याकडे मैलकुली हेच करत. त्यांच्या खोऱ्या-घमेल्यावर आमचे रस्ते उभे होते. मी सही करायचो, पाऊस ते अंगावर घ्यायचे. एका चौकीच्या सावलीत बसून मी भाकरीसारखा जाड पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज खाल्लं आणि माझ्या हाताखालच्या मैलकुल्यांची नावं एकेक करून आठवली.

आता मेंढरांकडे येतो, कारण या वाटेचा सगळ्यात मोठा इतिहास त्यांचा आहे.

लेओनच्या डोंगरात हिवाळ्यात बर्फ पडतं, एस्त्रेमादुरात उन्हाळ्यात गवत करपतं. म्हणून शरद ऋतूत कळप दक्षिणेला उतरायचे आणि वसंतात परत वर चढायचे. १२७३ साली राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघाला, ‘मेस्ता’ला, सनद दिली. कळपांच्या हमरस्त्याला ‘कान्यादा’ म्हणत. तिची रुंदी ठरलेली होती: नव्वद ‘व्हारा’, म्हणजे पंचाहत्तर मीटर. आमच्या चौपदरी महामार्गाला जागा घेतो त्याहून अधिक, आणि तीही मेंढरांसाठी! त्याहून लहान वाट पंचेचाळीस व्हारांची, तिच्याहून लहान पंचवीसची. कोणी नांगर आत घातला तर मेस्ताचे फिरते न्यायाधीश येऊन दंड करत. यांतली एक मोठी कान्यादा लांबच लांब पट्ट्यांत याच रोमन वाटेने जाते. सैन्य गेल्यावर ही वाट मोडली नाही, कारण दर वर्षी दोनदा लाखो खुरांनी ती तुडवली.

सोळाव्या शतकात मेस्ताच्या मेंढ्या तीस लाखांच्या घरात होत्या. मेरिनोची तलम लोकर बुर्गोसच्या व्यापाऱ्यांमार्फत उत्तरेच्या बंदरांतून फ्लँडर्सला जाई आणि राजाच्या तिजोरीत कर जमा होई. म्हणूनच राजा मेंढपाळाच्या बाजूने उभा राहिला. त्यात शेतकऱ्यावर अन्याय झाला, हेही खरं. स्वतःच्या शेताला कुंपण घालायला किंवा गवताळ रान नांगरायला त्याला मोकळीक नव्हती. अठराव्या शतकात काम्पोमानेस आणि होवेयानोस यांच्यासारख्या सुधारकांनी याविरुद्ध लेखणी उचलली. शेवटी १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. मग वाटांवर शेतं आली, घरं आली आणि अनेक ठिकाणी डांबरही आलं.

हे वाचलेलं होतं. दिसलं मात्र कापार्राजवळ. उजाड रोमन नगराच्या मधोमध चार तोंडांची दगडी कमान उभी आहे आणि वाट तिच्या पोटातून जाते. त्या दिवशी जवळच्या ओकच्या रानातून घंटांचा आवाज आला आणि तीन-चारशे मेंढ्या समोर आल्या. पुढे एक थोराड कुत्रा, मागे मोटारसायकलवर मेंढपाळ. मी सायकल कडेला घेतली. लोकरीचा, शेणाचा तो वास नाकात गेला आणि मी थेट माण तालुक्यात पोचलो.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. दिवाळी झालेली, धनगरांचा वाडा कोकणाकडे निघालेला: घोड्यांवर बिऱ्हाड, घोड्यांच्या पाठीवर बांधलेली कोकरं, मागे मेंढरं. आमचं डांबर ताजं होतं, म्हणून मी त्यांना थांबवलं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, बाजूने जायला जागा नाही. ते दिवसभर उन्हात उभे राहिले. त्यांच्यातला म्हातारा एवढंच म्हणाला, “सायेब, तुमच्या रस्त्याच्या आदीपासनं आमी या वाटंनं जातोय.” मी गप्प राहिलो. रुंदीकरणाची किती अंदाजपत्रकं मी पुढे तयार केली! गटार, मोरी, साइडपट्टी, सगळं त्यांत होतं. मेंढरांना जागा एकातही नव्हती.

स्पेनमध्ये १९९५ साली या वाटांसाठी कायदा झाला. सुमारे सव्वा लाख किलोमीटरच्या वाटा सार्वजनिक मालकीच्या ठरल्या. त्या विकता येत नाहीत आणि कितीही वर्षं वहिवाट केली तरी कोणाच्या होत नाहीत. पायी, घोड्यावर किंवा सायकलवर जायची मुभा त्याच कायद्याने दिली आहे, पण एका अटीवर: जनावरांच्या वाटेत यायचं नाही, पहिला हक्क त्यांचा. मी कडेला उभा राहिलो तो सौजन्य म्हणून, असं मला वाटलं होतं. खरं तर मी कायदा पाळत होतो.

कापार्राहून थोडी वाकडी वाट करून मी ग्रानादियाला गेलो. तटबंदीतलं जुनं गाव, दारावर छोटा किल्ला. १९५५ साली धरणासाठी गावाची जमीन घेतली गेली आणि १९६४ पर्यंत शेवटची माणसंही निघून गेली. शिवारं पाण्याखाली गेली, पण गाव बुडालंच नाही. ते तीन बाजूंनी पाणी घेऊन कोरडं उभं राहिलं. कोयनेच्या खोऱ्यातली माणसं उठली तीही याच वर्षांत. माझ्या आजोळची काही घरं त्यांत होती, म्हणून त्या रिकाम्या गल्लीतून मला सायकल चालवत नेता आली नाही.

तिथे मला कळलं की ज्या शांततेवर मी चार दिवस खूष होतो, ती कोणाच्या तरी जाण्याने झालेली आहे. पन्नास ते सत्तरच्या दशकांत इथली माणसं माद्रिदला, बार्सिलोनाला, जर्मनीला गेली. याच वाटेने प्लासेन्सियाहून आस्तोर्गाला १८९६ साली रेल्वे आली होती. काही कळपही पुढे गाडीने प्रवास करू लागले. १९८५ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. आता बान्योस दे मोन्तेमायोर आणि बेहारच्या दरम्यान त्या लोहमार्गाची सायकलवाट झाली आहे. तिच्यावरून मी चढलो. रेल्वेचा चढ सायकलला किती मायाळू असतो, हे पायांना लगेच कळतं. शेजारी रोमन वाट सरळ खिंडीकडे चढते. बान्योसमध्ये आजही रोमनांच्याच गरम झऱ्यांवर माणसं अंग शेकायला येतात.

पाचव्या दिवशी सालामान्का. तोर्मेस नदीवरच्या पुलाला सव्वीस कमानी, त्यांतल्या गावाकडच्या पंधरा रोमन. संध्याकाळी पिवळ्या दगडाचं ते गाव तांबूस झालं होतं. दोन पुलांमधली वाट माझी पुरी झाली. दगड टिकले ते घट्ट बसवले म्हणून. वाट टिकली ती मात्र पिढ्यान् पिढ्या कोणीतरी तिच्यावरचा आपला हक्क सोडला नाही म्हणून.

घरी आल्यावर मी आमच्या गावचा जुना नकाशा मिळवला. त्यात दोन रेषांमधली पाणंद ओढ्यापासून थेट शिवेपर्यंत जाते. जमिनीवर मात्र तिच्यातून जेमतेम एक मोटारसायकल जाते. परवा टेप घेऊन मी ती मोजायला सुरुवात केली. टेपचं दुसरं टोक शेजारच्या वाडीतल्या एका मेंढक्याने धरलं होतं. पाणंद कुठून कुठे जात होती, हे सांगायला त्याला नकाशा लागला नाही.